स्मृतिभ्रंश आणि ईईजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-वडिलांचा विसराळूपणा वाढतो, डॉक्टर ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) लिहून देतात, आणि घरात शंका सुरू होतात. अशा घरांतून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. औषध सुरू करणं, थांबवणं किंवा बदलणं मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

१. ईईजीत नेमकं काय मोजतात? डोक्याला शॉक देतात का?

शॉक अजिबात देत नाहीत. मेंदूत आपोआप तयार होणारी वीज हे यंत्र फक्त टिपतं, डोक्यात काही सोडत नाही. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या असंख्य पेशी एका तालात काम करू लागल्या की त्यांचा क्षीण विद्युतदाब डोक्याच्या त्वचेपर्यंत पोहोचतो. तो साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट असतो, आणि एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. शॉकचे उपचार म्हणजे ईसीटी. दोन्ही नावं सारखी वाटतात म्हणून ज्येष्ठ मंडळी घाबरतात, तेव्हा हा फरक त्यांना आदल्या दिवशीच समजावून सांगा.

सेकंदाला किती लाटा येतात ते हर्ट्झमध्ये मोजतात. त्यावरून लाटांच्या पट्ट्यांना नावं दिली आहेत: ४ हर्ट्झच्या खाली डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १३ अल्फा, १३ ते ३० बीटा आणि त्यापुढे गॅमा. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख घेतला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. पुढच्या काही वर्षांतच त्यांनी अल्झायमरच्या (हा स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) रुग्णाच्या आलेखातले बदलही नोंदवले होते. म्हणजे ही कल्पना आजची नाही.

२. ईईजी काढला की स्मृतिभ्रंश आहे की नाही ते कळेल ना?

नाही. एकट्या ईईजीवरून स्मृतिभ्रंशाचं निदान करता येत नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर अल्झायमरचं निदान करण्यासाठी ईईजी वापरू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. निदानाचा पाया घरच्यांनी सांगितलेली हकीकत, स्मरणशक्तीच्या आणि विचारशक्तीच्या चाचण्या, रोजचे व्यवहार कितपत जमतात याची चौकशी, रक्ततपासण्या आणि एमआरआय किंवा सीटी हाच असतो. रक्ततपासणीत बी१२ आणि थायरॉइड हवेतच. शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता सर्रास सापडते, आणि ती भरून काढता येते.

३. मग डॉक्टर ईईजी लिहून का देतात? उगाच खर्च नाही का?

योग्य कारणासाठी लिहिला असेल तर नाही. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, आणि ईईजी त्या घडीला मेंदू कसा चालला आहे ते दाखवतो. शिवाय ईईजीचा खर्च एमआरआयच्या मानाने बराच कमी असतो. त्याचा खरा उपयोग होतो तो स्मृतिभ्रंशासारखे दिसणारे पण वेगळे असलेले आजार पकडायला:

न दिसणाऱ्या फिट्स. हातपाय न झटकता माणूस तासन्‌तास गोंधळलेला राहू शकतो, आणि ते ईईजीशिवाय कळत नाही.

डिलिरियम, म्हणजे लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं किंवा औषधांमुळे दोन-चार दिवसांत आलेला गोंधळ. यात आलेख सगळीकडे मंदावतो. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर तीन टोकांच्या विशिष्ट लाटाही दिसू शकतात.

नैराश्य. स्मृतिभ्रंश झालाय असं वाटावं इतकं ते स्मरणशक्ती बिघडवतं, पण आलेख सहसा नॉर्मल राहतो.

थोड्या वेळापुरती स्मृती जाण्याचे झटके. बाबा सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास तेच ते प्रश्न विचारतात आणि मग पूर्ववत होतात, असं वरचेवर घडत असेल तर तो एपिलेप्सीचा प्रकार असू शकतो. अशा वेळी झोपेतला ईईजी मागावा लागतो. एपिलेप्सी सापडली तर औषधाने झटके सहसा आटोक्यात येतात.

म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच: ‘या ईईजीत तुम्ही काय शोधताय?’ त्याचं नेमकं उत्तर मिळालं की तपासणीला अर्थ येतो.

४. स्मृतिभ्रंश असेल तर आलेखात काय बदलतं?

मुख्य बदल म्हणजे लय मंदावते. डोळे मिटून जागं बसलेल्या निरोगी माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात अल्फा लय ठळक दिसते. तरुणपणी ती बहुधा १० हर्ट्झच्या आसपास असते, आणि धडधाकट म्हातारपणीही ९ च्या जवळपास टिकते. ती ८ च्या खाली गेली तर प्रौढ माणसात ते नॉर्मल धरत नाहीत. ‘वय झालं की होतंच’ हे इथे लागू पडत नाही.

अल्झायमरमध्ये सहसा आधी थीटा वाढतो, बीटा कमी होतो, मग अल्फा मंद आणि दुबळा होतो, आणि आजार पुढे सरकला की डेल्टा वाढतो. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला ताळमेळही ढिला होतो, पण तो डोळ्यांनी दिसत नाही, संगणकाने मोजावा लागतो. या सगळ्यामागे बऱ्याच अंशी ॲसिटिलकोलिन हे रसायन कमी होणं आहे. म्हणूनच ते रसायन टिकवून धरणारी डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन यांसारखी औषधं सुरू केल्यावर काहींचा आलेख किंचित सुधारलेला दिसतो.

५. अल्झायमर आहे की दुसरा प्रकार, हे ईईजीवरून ओळखता येतं का?

खात्रीने नाही, पण एका ठिकाणी चांगली मदत होते, आणि ते म्हणजे लेवी बॉडीचा स्मृतिभ्रंश (मेंदूच्या पेशींत लेवी बॉडी नावाचे प्रथिनांचे गोळे साचून होणारा). २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांमध्ये, डोक्याच्या मागच्या भागातली लय ठळकपणे मंदावणं आणि ती थीटा व त्याच्या थोड्या वरच्या पट्ट्यात खालीवर होत राहणं, ही त्या आजाराला दुजोरा देणारी खूण मानली आहे. अल्झायमरमध्ये सुरुवातीच्या काळात इतका बदल सहसा दिसत नाही.

हा फरक कागदावरचा नाही. लेवी बॉडीच्या रुग्णाला भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर शरीर ताठरणं, शुद्ध हरपणं अशी जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ शकते. लहान मुलं किंवा प्राणी दिसण्याचे भास, दिवसागणिक बदलणारी समज, झोपेत हातपाय झाडणं (पाहा प्रश्न १६) आणि असा आलेख एकत्र आला, तर भासांवरची गोळी सुरू करण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना पुन्हा भेटा.

फ्रंटोटेम्पोरल प्रकारात स्वभाव किंवा भाषा बदलते, पण सुरुवातीला आलेख बराचसा नॉर्मल राहतो. पक्षाघातानंतरच्या स्मृतिभ्रंशात मार बसलेल्या भागावरच मंद लाटा दिसू शकतात.

६. आईला तपासणीला नेताना काय तयारी करावी?

आदल्या रात्री शाम्पूने केस धुवावेत. कंडिशनर, जेल, आणि मुख्य म्हणजे खोबरेल तेल नको. तेलाचा थर असला की इलेक्ट्रोड (डोक्याला चिकटवायची, वीज टिपणारी छोटी चकती) आणि त्वचा यांचा संपर्क नीट होत नाही आणि आलेखात खरखर येते. सकाळी ओले केस नकोत. अंबाडा किंवा घट्ट वेणी सोडावी लागते, गजरा नको. दोन इलेक्ट्रोड कपाळावर भुवयांच्या वर बसतात आणि अनेक ठिकाणी त्यांच्या मधोमध अर्थिंगची तार लावतात, त्यामुळे टिकली किंवा कुंकू थोडा वेळ काढावं लागतं. कानाच्या पाळीवरही इलेक्ट्रोड असतो, म्हणून कुड्या काढून ठेवा. मंगळसूत्र काढायची गरज नसते. ऐन वेळी टिकली पुसायला सांगितली की काही आज्या दुखावतात, तेव्हा हे घरीच सांगून ठेवलेलं बरं.

जेवून जा. उपाशीपोटी साखर खाली गेली तर आलेख मंदावतो. एकादशी, चतुर्थीचा उपास असेल तर दुसरा दिवस घ्या. चहा-कॉफी त्या सकाळी टाळा. रोजची औषधं चालू ठेवा आणि सगळ्यांची यादी, डोस व वेळेसकट, सोबत न्या (कारण प्रश्न ९ मध्ये आहे). चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका.

झोपेचं काय, हा गोंधळ कायम होतो. फिट्ससाठीच्या ईईजीला अनेकदा रात्री कमी झोपून यायला सांगतात. स्मृतिभ्रंशासाठी जागेपणीची लय बघायची असेल तर उलट रात्रभर नीट झोप झालेली हवी. अपॉइंटमेंट घेतानाच ‘जागरण करून यायचं की झोपून?’ असं विचारा, आणि उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळतंय का तेही पाहा.

७. तपासणीत काय करतात, किती वेळ लागतो?

तासभर धरून चला. तंत्रज्ञ टेपने डोकं मोजून दहा-वीस पद्धतीने (इलेक्ट्रोडच्या ठरलेल्या जागांची पद्धत) खुणा करतो. डोक्यावर १९ आणि कानांवर २ इलेक्ट्रोड असतात. प्रत्येक जागेची त्वचा जरा खरबरीत जेलने घासून पेस्टने इलेक्ट्रोड चिकटवतात, आणि तिथे विजेला होणारा अडथळा ५ किलोओमच्या खाली आहे ना ते तपासतात. हा आकडा जवळजवळ शून्यावर आला तरी तेही वाईटच. शेजारच्या दोन इलेक्ट्रोडची पेस्ट पसरून एकमेकींना मिळाली आहे, आणि आता दोन्ही जागा एकच आलेख दाखवणार, असा त्याचा अर्थ.

मग किमान २० मिनिटं नोंद होते. डोळे मिटा, डोळे उघडा, असं आलटून पालटून सांगतात. पुढे लुकलुकता प्रकाश दाखवतात आणि तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला सांगतात. अलीकडे पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा दम्याचा जोर झाला असेल तर हा श्वासाचा भाग करत नाहीत. ते आधी सांगा. शेवटी पेस्ट कोमट पाण्याने निघते.

८. रिपोर्टमध्ये ‘डिफ्यूज स्लोइंग’ (लय सगळीकडे मंदावलेली) लिहिलंय. म्हणजे स्मृतिभ्रंशच ना?

थांबा. आधी बघा की रुग्ण खरंच जागा होता का. ईईजीच्या रिपोर्टवरून होणारी सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

डुलकी लागताना मेंदूची लय मंदावते, आणि पहिल्या पायरीवर ती अगदी स्मृतिभ्रंशासारखी दिसते. मागची अल्फा लय तुटक होते, विरते, आणि तिच्या जागी थीटा पसरतो. वयस्क माणूस, अंधारी खोली, पंख्याचा आवाज, डोळे मिटलेले: पाच मिनिटांत डुलकी ठरलेली. बारकाईने पाहणाऱ्याला ती कपाळाच्या दोन्ही कडांच्या, एफ७ आणि एफ८ या इलेक्ट्रोडवर आधी दिसते. बुबुळं मिटल्या पापण्यांखाली हळूहळू डावी-उजवीकडे सरकू लागतात, आणि त्या दोन रेघा संथपणे एकमेकींच्या उलट दिशेला वर-खाली होतात. अशा क्षणी तंत्रज्ञाने हाक मारली, आज वार कोणता असं विचारलं, तर निरोगी मेंदूत अल्फा काही सेकंदांत परत येतो. खरोखर मंदावलेल्या मेंदूत पूर्ण जागं केल्यावरही लय मंदच राहते.

म्हणून रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: रुग्ण जागा होता असा उल्लेख, मागच्या मुख्य लयीचा हर्ट्झमधला आकडा (इंग्रजी रिपोर्टमध्ये तो ‘पोस्टीरियर डॉमिनंट ऱ्हिदम’ या नावाने असतो), आणि डोळे उघडल्यावर ती लय दबली की नाही. यातलं काहीच नसेल तर ‘डिफ्यूज स्लोइंग’ हे दोन शब्द फार काही सांगत नाहीत. लॅबला फोन करून विचारा, तो तुमचा हक्क आहे. घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला दिवसाही पेंग येते. त्याच्याबाबत ही शंका दुप्पट घ्यावी.

आणखी एक: साठीनंतर कानशिलाच्या बाजूला, विशेषतः डावीकडे, अधूनमधून एखादी मंद लाट येणं हे बऱ्याच निरोगी माणसांत दिसतं. तेवढ्यावरून घाबरू नका.

९. कोणत्या औषधांमुळे आलेख बदलतो?

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या (क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम) बीटा लाटा वाढवतात आणि पेंग आणतात. लिथियम, क्लोझापिन आणि अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी नैराश्याची औषधं आलेख मंदावू शकतात. हाताच्या कंपासाठी दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल ॲसिटिलकोलिनचं काम अडवतं. त्यामुळे ते आलेखही मंदावतं आणि स्मरणशक्तीही. वयस्क माणसाच्या गोळ्यांच्या डब्यात ते असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा. यातलं काहीही ईईजीसाठी परस्पर बंद करू नका. क्लोनाझेपाम एकदम थांबवल्याने फिट येऊ शकते.

१०. ईईजी नॉर्मल आला. म्हणजे अल्झायमर नाही, असं समजायचं का?

नाही. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये आलेख नॉर्मल असणं अगदी शक्य आहे, फ्रंटोटेम्पोरल प्रकारात तर अपेक्षितच. तक्रारी वाढत असतील तर बाकीच्या तपासण्या पूर्ण करा. उलट बाजूने मात्र नॉर्मल आलेखाला वजन आहे. माणूस खूपच गोंधळलेला दिसतोय आणि जागेपणीचा आलेख स्वच्छ नॉर्मल आहे, तर डिलिरियमची शक्यता बरीच कमी होते आणि नैराश्याचा विचार पुढे येतो.

११. आईला आयुष्यात फिट आली नाही, तरी रिपोर्टमध्ये ‘एपिलेप्टिफॉर्म’ (फिटसारख्या टोकदार लाटा) आहे. गोळी सुरू करायची का?

अल्झायमरमध्ये असं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को केंद्रातल्या २०१६ च्या अभ्यासात, कधीच फिट न आलेल्या अल्झायमरच्या ३३ रुग्णांची रात्रभर नोंद घेतली, तेव्हा ४२ टक्के जणांत अशा लाटा सापडल्या. निरोगी गटात ते प्रमाण १०.५ टक्के होतं. बहुतेक लाटा झोपेत आल्या होत्या, म्हणजे २० मिनिटांच्या जागेपणीच्या ईईजीत त्या निसटतात.

उपचाराबद्दल २०२१ साली छोटी चाचणी प्रसिद्ध झाली: ३४ जण, लेव्हेटिरासेटॅम हे फिटवरचं औषध १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चार आठवडे. सगळ्यांचा मिळून फायदा दिसला नाही. ज्यांच्या आलेखात अशा लाटा होत्या, त्यांच्या काही चाचण्या सुधारल्या. हा उत्साह वाढवणारा धागा आहे, सर्वांना गोळी देण्याचा आधार नाही. या औषधाने काही ज्येष्ठांची चिडचिड बरीच वाढते.

आणि आधी खात्री करा की त्या लाटा खऱ्याच आहेत. विकेट स्पाइक नावाच्या टोकदार पण निरुपद्रवी लाटा, आणि वयस्कांत दिसणारी स्रेडा ही फिटसारखी भासणारी निरुपद्रवी लय, या दोन्हींना फिट समजून वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या जातात. शंका असेल तर एपिलेप्सीत काम करणाऱ्या तज्ज्ञाकडून मूळ आलेख वाचून घ्या, नुसता रिपोर्ट नव्हे.

१२. आजार किती वाढला ते बघायला दर सहा महिन्यांनी ईईजी काढावा का?

सरसकट नको. एका माणसाचा आजार किती पुढे गेला ते पैशांचा हिशोब, औषधं स्वतः घेणं, अंघोळ, ओळखीच्या रस्त्याने घरी येणं यांच्या नोंदींवरून जास्त नीट कळतं. संशोधनात गटाची सरासरी काढताना ईईजी उपयोगी पडतो, कारण तिथे छोटे फरकही मोजता येतात.

तरीही पुन्हा काढायचाच असेल (अचानक उतार, नवे झटके किंवा लेवी बॉडीची शंका ही चांगली कारणं आहेत) तर तुलना होऊ शकेल असा काढा. तीच लॅब, दिवसाची तीच वेळ, तीच औषधं, रात्रीची तशीच झोप. मुख्य लयीत अर्ध्या हर्ट्झचा फरक रोजच्या चढउतारातही येतो, साधारण एक हर्ट्झ किंवा जास्त घसरण दिसली तरच तिला अर्थ द्या. पहिल्याच वेळी मूळ नोंद ईडीएफ (ईईजी संगणकावर साठवायचा नेहमीचा प्रकार) फाइलच्या रूपात पेनड्राइव्हवर मागून घ्या. कागदावरच्या दहा पानांवरून दोन वर्षांनी कुणालाही नीट तुलना करता येत नाही.

१३. रंगीत नकाशावाला क्यूईईजी जास्त अचूक असतो का?

क्यूईईजी म्हणजे तोच आलेख संगणकाने मोजलेला: दोन-चार सेकंदांचे स्वच्छ तुकडे निवडायचे, प्रत्येक पट्ट्यात किती ताकद आहे ते काढायचं आणि त्याच वयाच्या निरोगी लोकांशी तुलना करायची. थीटा आणि अल्फा यांचं गुणोत्तर हा त्यातला नेहमीचा आकडा. तंत्र चांगलं आहे, पण कचरा आत गेला तर नकाशावर कचराच रंगून येतो. पापणी मिचकावली की कपाळावर डेल्टासारखी लाट उमटते. दात आवळले की बीटा वाढल्यासारखा दिसतो. घामाने रेघ संथपणे वरखाली होते. पार्किन्सनच्या रुग्णाचं डोकं उशीवर सेकंदाला ४ ते ६ वेळा थरथरलं की मागच्या इलेक्ट्रोडवर हुबेहूब थीटा तयार होतो. शिवाय पेंग आहेच (प्रश्न ८).

मूळ आलेख मेंदूविकारतज्ज्ञाने वाचलेला नसेल, नुसते लाल-निळे गोळे हातात दिले असतील, तर त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नका.

१४. पी३०० ही चाचणी काय आहे?

कानात एकसारखे ‘टू, टू’ आवाज येतात आणि मध्येच वेगळा आवाज. वेगळा आला की बटण दाबायचं. मेंदूने तो फरक ओळखला की साधारण ३०० मिलिसेकंदांनी एक लाट येते. अनेक वेळांची सरासरी काढली की ती दिसते. सॅम्युएल सटन आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली तिचं वर्णन केलं. वयानुसार ती दरवर्षी एक-दोन मिलिसेकंदांनी लांबते, स्मृतिभ्रंशात त्याहून जास्त. पण नैराश्यातही बदलते, आणि कमी ऐकू येत असेल तर चाचणीच बाद. म्हणून आधी कान तपासा. निदानासाठी एकटी पुरत नाही.

१५. तीन मिनिटांत घरबसल्या अल्झायमर सांगणारी टोपी आली, असं वाचलं. आणि एआयची ९५ टक्के अचूकता?

ती बातमी बहुधा इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या फास्टबॉल चाचणीची असावी. पडद्यावर चित्रं भराभर सरकतात, काही आधी पाहिलेली असतात, आणि बोलायला किंवा बटण दाबायला न लावता मेंदू ती ओळखतोय का हे ईईजीवर दिसतं. २०२१ साली ती अल्झायमरच्या रुग्णांवर आणि नंतर सौम्य विसराळूपणाच्या टप्प्यातल्यांवर, त्यांच्या घरीही, तपासली गेली. शिक्षण, भाषा, परीक्षेची धास्ती यांचा अडसर कमी होतो, हे आपल्याकडच्या अल्पशिक्षित ज्येष्ठांच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. पण अजून ते संशोधन आहे.

एआयच्या दाव्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला, शिकवलं आणि तपासलं कुणावर? खूप वापरला जाणारा ग्रीसमधला एक खुला संच एकूण ८८ जणांचा आहे: अल्झायमर ३६, फ्रंटोटेम्पोरल २३, निरोगी २९. एकाच माणसाच्या आलेखाचे काही तुकडे शिकवायला आणि काही तपासायला वापरले, तर संगणक आजार नाही, माणूस ओळखतो, आणि टक्केवारी फुगते.

दुसरा प्रश्न, वापरणार कुणावर? भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. अशा १००० जणांवर ९० टक्के अचूक चाचणी लावली, म्हणजे ९० टक्के रुग्ण पकडणारी आणि ९० टक्के निरोगी सोडणारी, तर ७४ पैकी साधारण ६७ रुग्ण सापडतील, आणि ९२६ निरोगींपैकी ९३ जणांवर खोटा शिक्का बसेल. शिक्का बसलेल्यांत निम्म्याहून जास्त निरोगी! तक्रार नसलेल्या माणसाची अशी चाचणी करून घेऊ नका, असं आम्ही ठामपणे सांगतो ते यासाठी.

बाजारातल्या ध्यान-झोपेच्या पट्ट्यांचंही तेच. चार-पाच कोरडे इलेक्ट्रोड, तेही बहुतेक कपाळावर. जिथे अल्फा बघायचा त्या डोक्याच्या मागच्या भागावर बहुधा एकही नसतो.

१६. बाबा झोपेत ओरडतात, लाथा मारतात. याचा स्मृतिभ्रंशाशी संबंध असतो का?

असू शकतो, आणि हा प्रश्न गांभीर्याने घेण्यासारखा आहे. स्वप्नाच्या झोपेत शरीर सैल पडायला हवं. ते न पडता माणूस स्वप्नाप्रमाणे हातपाय चालवू लागला तर त्याला रेम झोपेतला वर्तनविकार म्हणतात. २४ केंद्रांतल्या १२८० जणांच्या २०१९ च्या अभ्यासात, १२ वर्षांत यातल्या ७३.५ टक्के जणांना पार्किन्सन, लेवी बॉडी किंवा त्या कुळातला आजार झाला. निदानाला साधा ईईजी चालत नाही. व्हिडिओसह रात्रभराची झोपतपासणी लागते, ज्यात मेंदू, डोळे, हनुवटीचे स्नायू आणि श्वास एकत्र नोंदवतात. श्वास अडकल्यानेही असंच दिसू शकतं, तेही त्यातच कळतं. तोवर पलंगाजवळची काच आणि टोकदार वस्तू हलवा, आणि आईला वेगळ्या पलंगावर झोपू द्या.

१७. दोन महिन्यांपूर्वी सगळं ठीक होतं, आता बाबा ओळखत नाहीत. इतकं झपाट्याने होतं का?

नेहमीच्या अल्झायमरमध्ये नाही. ही तातडीची बाब आहे, अपॉइंटमेंटची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्या. फिट्स, प्रतिकारशक्तीने मेंदूवर केलेला हल्ला, कवटीखाली साचलेलं रक्त हे उपचार होणारे आजार आधी शोधावे लागतात.

क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदू झपाट्याने नासवणाऱ्या दुर्मीळ आजारात ईईजीवर साधारण सेकंदाला एक अशा नियमित टोकदार लाटा येतात. त्या सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत, कधी तरी, दिसतात. सुरुवातीला नसतात, म्हणून थोड्या थोड्या दिवसांनी ईईजी पुन्हा काढतात. आता विशिष्ट एमआरआय आणि पाठीच्या पाण्याची तपासणी त्याहून भरवशाची आहे. तशाच लाटा यकृत बिघडल्याने किंवा लिथियम जास्त झाल्यानेही दिसू शकतात, तेव्हा नुसत्या आलेखावरून आशा सोडू नका.

१८. अल्झायमरवर उपाय म्हणून ४० हर्ट्झचा लुकलुकता दिवा घ्यावा का?

सध्या नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत २०१६ साली उंदरांवर आशादायक परिणाम दिसले, माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, पण उपचार म्हणून तो सिद्ध झालेला नाही. आलेखात फिटसारख्या लाटा असतील तर लुकलुकता प्रकाश धोक्याचाही ठरू शकतो.

१९. आता रक्तावरून अल्झायमर कळतो म्हणे. मग ईईजी कालबाह्य झाला का?

दोन्हींची कामं वेगळी आहेत. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मे २०२५ मध्ये पी-टाऊ२१७ आणि अमायलॉइड (अल्झायमरशी संबंधित दोन प्रथिनं) यांच्या गुणोत्तराची रक्ततपासणी मंजूर केली, ती तक्रारी असलेल्या आणि तज्ज्ञाकडे आलेल्या रुग्णांसाठी. मेंदूत अमायलॉइड साचलं असण्याची शक्यता ती सांगते. आज सकाळपासून आई शून्यात का बघतेय, हे ती सांगू शकत नाही.

२०. आजोबा तारा ओढून काढतात, पाच मिनिटं बसत नाहीत. गुंगीचं औषध देऊन ईईजी करावा का?

शक्यतो नको. ज्या लयीसाठी तपासणी करतोय, तीच गुंगीने बिघडते. दिवसातल्या त्यांच्या सगळ्यात शांत वेळेची अपॉइंटमेंट घ्या, बहुतेकांसाठी ती नाश्त्यानंतरची असते. संध्याकाळी अनेकांचा गोंधळ वाढतो. लघवीला नेऊन आणा. ज्याचं ते ऐकतात अशा माणसाने हात धरून शेजारी बसावं आणि तंत्रज्ञाच्या सूचना त्यांच्या बोलीत, एका वेळी एकच, सांगाव्यात: ‘आबा, डोळे मिटा.’ सुटे इलेक्ट्रोड चिकटवण्याऐवजी तयार टोपी आहे का ते विचारा, लावायला निम्म्याहून कमी वेळ लागतो. सुरुवातीलाच डोळे मिटून जागेपणीची नोंद घ्यायला सांगा, लुकलुकता दिवा आणि श्वासाचा भाग शेवटी ठेवा किंवा सोडून द्या. अस्वस्थ माणसाकडून दोन-तीन मिनिटं स्वच्छ जागेपणीची मिळाली, तरी मुख्य लय मोजता येते. तेवढी झाल्यावर ते उठले तर उठू द्या, आणि नोंद का थांबवली ते रिपोर्टमध्ये लिहायला सांगा.